भाचा म्हणतो, “मामा, पीसी संपला!”

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात : वय एकोणचाळीस. शाळेत असल्यापासून कॉम्प्युटरवर गेम खेळतात. सात वर्षांपूर्वी एकेक भाग निवडून स्वतःच्या हातांनी जोडलेला पीसी आता धापा टाकतो. नव्या पीसीसाठी पैसे बाजूला काढून ठेवलेत, पण हात पुढे होत नाही. चौघा मित्रांचा रात्री ऑनलाइन खेळायचा गट होता. त्यातल्या दोघांनी कन्सोल (टीव्हीला जोडून गेम खेळायची खास यंत्रं) घेतले, तिसरा मोबाइलपुरता उरला. दुकानात पीसी गेमचे डबे दिसेनासे झाले. सगळे ज्याची वाट पाहताहेत तो गेम फक्त कन्सोलसाठी जाहीर झालाय. सोळा वर्षांचा भाचा तर तोंडावर सांगतो, “मामा, पीसी संपला!” पत्नीचं म्हणणं, कन्सोल घेतला तर टीव्हीवर आठ वर्षांच्या मुलीलाही खेळता येईल. रात्री मुलगी झोपल्यावर यांना पाऊण तास मिळतो. त्यातला बराचसा अपडेट आणि ड्रायव्हर (पीसीचे भाग चालवणारं सॉफ्टवेअर) यांच्या भानगडीत जातो. गेल्या वर्षी सेलमध्ये चाळीसेक गेम घेतले, पुरा एकही केला नाही. ते विचारतात, “मरायला टेकलेल्या गोष्टीत पैसे घालण्यात शहाणपणा आहे का? की मीही कन्सोल घेऊन मोकळं व्हावं?”

उत्तर :

तुमचं पत्र दोनदा वाचलं. त्यात बाजार आहे, मित्र आहेत, भाचा आहे, दुकानं आहेत, ग्राफिक्स कार्डांच्या, म्हणजे पीसीत पडद्यावरचं चित्र रंगवणाऱ्या भागाच्या, किमतींचा त्रागा आहे. एक गोष्ट मात्र सापडली नाही : तुम्हाला स्वतःला पुढे काय खेळायचंय. एकाही गेमचं नाव नाही. त्याकडे नंतर येते. आधी भाच्याच्या वाक्याचा निकाल लावू, कारण तेच तुमच्या मनात रुतून बसलेलं दिसतंय.

‘पीसी संपला’ ही आरोळी तुमच्या भाच्यापेक्षा वयाने मोठी आहे, आणि तिच्याआधी नेमकी उलटी आरोळी उठून गेलीय. १९८३ साली अमेरिकेत व्हिडिओ गेमचा बाजार कोसळला. सुमार गेमचे ढीग दुकानांत पडून राहिले आणि जाणत्यांनी सांगितलं की कन्सोल हे चार दिवसांचं वेड होतं, आता घरोघरी कॉम्प्युटर येतील आणि मुलं त्यावरच खेळतील. दुकानदार इतके पोळले होते की १९८५ मध्ये निन्टेन्डोने तिथे आपला कन्सोल आणला तेव्हा सोबत एक रोबो देऊन तो खेळणं म्हणून पुढे करावा लागला. पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. २००५ च्या सुमाराला पाळी पीसीची आली. २०१० नंतर स्मार्टफोन हातोहाती झाले आणि दोन-तीन वर्षं सगळ्यांनी मिळून पुन्हा कन्सोललाच निरोप दिला. त्यावर २०१३ मध्ये आलेला सोनीचा प्लेस्टेशन ४ हा कन्सोल अकरा कोटींहून जास्त खपला. लांडगा आला रे आला, असं गेली चाळीस वर्षं चाललंय. फक्त कळप दर वेळी वेगळा.

तरी तुमचा संशय निव्वळ भाच्याने पेरलेला नाही. दुकानातले डबे खरंच गेले, आणि ते जाताना पाहिलेल्या माणसाला पोरकं वाटणं मी समजू शकते. त्या काळात कॉम्प्युटरवर खेळणाऱ्यांच्या वाट्याला अपमान कमी आले नाहीत. ‘हेलो’ हा गेम १९९९ मध्ये जगाला पहिल्यांदा दाखवला गेला तो ॲपलच्या मॅकसाठी म्हणून. पुढच्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने तो बनवणारी बंजी ही कंपनीच विकत घेतली आणि २००१ मध्ये गेम अवतरला त्यांच्या एक्सबॉक्स या कन्सोलवर. कॉम्प्युटरवाल्यांना तो मिळायला २००३ उजाडलं. त्या पहिल्या एक्सबॉक्सच्या पोटात पीसीतला इंटेलचा पेंटियम प्रोसेसरच होता, हे वर आणखी मीठ.

मग दुकानदारांनी पीसी गेम आधी एका कपाटात, मग एका फळीवर, मग कोपऱ्यात सरकवले. अमेरिकेत विक्रीचे जे आकडे छापून यायचे ते मुख्यतः या डब्यांचे. ते घसरत होते आणि लोक ते दाखवून माना हलवत होते. दरम्यान सप्टेंबर २००३ मध्ये व्हॉल्व्ह या गेम कंपनीने स्टीम हे सॉफ्टवेअर सुरू केलं होतं; पुढे तेच पीसी गेमचं इंटरनेटवरचं दुकान झालं. २००४ मध्ये त्यांचाच ‘हाफ-लाइफ २’ हा गेम खेळायचा तर स्टीम लावणं सक्तीचं केलं, म्हणून लोकांनी त्याला मनसोक्त शिव्याही घातल्या. शिव्या देत देत गिऱ्हाईक दुकानातून उठून तिकडे गेलं; मोजणारा मात्र दुकानाच्या दारातच बसून राहिला. २०१० मध्ये ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या पीसीवरच्या ऑनलाइन गेमचे वर्गणीदार १ कोटी २० लाखांच्या पुढे गेले होते. डब्यांच्या हिशेबात त्यांची वर्गणी कुठेच नव्हती.

तुम्ही आज दुकानात जाऊन डबे शोधताय, म्हणजे तुम्हीही त्याच दारात बसलाय. रागावू नका, पण गेल्या वर्षीचे ते चाळीस गेम तुम्ही कुठल्या दुकानातून आणलेत?

आजचं चित्र सांगते. स्टीमवर एकाच वेळी हजर असलेल्यांची संख्या मार्च २०२० मध्ये २ कोटींवर पोचली होती. मार्च २०२५ मध्ये ती ४ कोटींवर गेली. यातले कित्येक जण नुसतं स्टीम उघडं ठेवून दुसरंच काही करत असतात हे खरं, पण ते पाच वर्षांपूर्वीही तेच करत होते. दुसरीकडे निन्टेन्डो स्विच १५ कोटींच्या पुढे गेला, प्लेस्टेशन ५ आठ कोटींच्या. दोन्हीकडे चूल पेटलेली आहे. जास्त फुगला असेल तर तो मोबाइल : जगभरात गेमवर खर्च होणाऱ्या पैशातला साधारण निम्मा तिकडे जातो. त्या हिशेबाने तुमच्या गटातला सगळ्यात काळाबरोबर चालणारा माणूस म्हणजे तो तिसरा मित्र.

आणि ही तुलनाच मुळात जरा तिरकी आहे. कन्सोलला मालक असतो. त्याची विक्री, त्याचा नफा, त्याची जाहिरात एका कंपनीच्या नावावर मांडता येते, म्हणून तो जिंकला की हरला हे म्हणता येतं. पीसीला मालक नाही. त्याची जाहिरात करायला कुणी नाही, तशी त्याच्या मरणाची अफवा खोडून काढायलाही कुणी नाही.

शिवाय दोघांमधली भिंत आता कमरेएवढीच उरलीय. २०१३ पासून प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्स या दोघांच्याही आत एएमडीच्या, म्हणजे पीसीच्याच घराण्यातल्या चिप आहेत. सोनीने २०१७ चा ‘होरायझन झीरो डॉन’ २०२० मध्ये पीसीवर आणला, २०१८ चा ‘गॉड ऑफ वॉर’ २०२२ मध्ये, आणि ‘हेलडायव्हर्स २’ तर २०२४ मध्ये दोन्हीकडे एकाच दिवशी. मायक्रोसॉफ्टचे स्वतःचे मोठे गेम पहिल्या दिवसापासून पीसीवर मिळतात. काही तर आता चक्क प्लेस्टेशनवरही गेलेत. उलट अंगाने २०२२ मध्ये व्हॉल्व्हचा स्टीम डेक आला : हातात धरायचा पीसी, जो पाहून कुणीही त्याला कन्सोलच म्हणेल. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्यांनी टीव्हीखाली ठेवायचा छोटा पीसीही जाहीर केला. निन्टेन्डो तेवढा आपल्या कुंपणात आहे. मारिओ हवा असेल तर त्याच्याच दारात जावं लागतं, त्याला इलाज नाही.

आता तुमच्या बाजूचं बोलते, कारण तुम्ही सगळंच चुकीचं पाहिलेलं नाही.

बेताच्या पैशात झकास पीसी जोडायचे दिवस खरंच उतरणीला लागलेत. सात वर्षांपूर्वी तुम्ही जे केलंत ते त्याच हिशेबात आज होणार नाही. २०२० ते २०२२ या काळात महासाथ आणि क्रिप्टोचं मायनिंग (ग्राफिक्स कार्डं राबवून आभासी चलन कमावणं) यांनी मिळून ग्राफिक्स कार्डं बाजारातून गायब केली. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाने मायनिंग सोडलं तेव्हा कुठे कार्डं पुन्हा दिसू लागली, पण भाव जुन्या जागी परतले नाहीत. २०२५ संपता संपता एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी चिपांवर ताव मारला आणि रॅम महागली. तुमचा त्रागा रास्त आहे. मला वाटतं, ‘पीसी संपतोय’ असं म्हणणाऱ्या पुष्कळ लोकांच्या मनात खरं तर ‘आपल्याला परवडणारा पीसी संपतोय’ हे असतं, आणि ते दुःख खोटं नाही.

पण कन्सोलवाले यातून सुटलेत असंही समजू नका. पूर्वी कन्सोल जुना होई तसा स्वस्त होई. थांबणाऱ्याला फळ मिळे. या पिढीत उलटं झालं. प्लेस्टेशन ५ ची किंमत २०२२ मध्ये बऱ्याच देशांत वाढली, २०२५ मध्ये पुन्हा वाढली, आणि एक्सबॉक्सनेही तोच रस्ता धरला. तेव्हा ‘वर्षभर थांबू, मग घेऊ’ हा जुना शहाणपणा सध्या तरी दोन्हीकडे चालत नाही.

मोठे गेम पीसीवर उशिरा येतात, ही तुमची दुसरी तक्रार. खरी आहे. ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ५’ कन्सोलवर सप्टेंबर २०१३ मध्ये आला आणि पीसीवर एप्रिल २०१५ मध्ये. त्याच कंपनीचा ‘रेड डेड रिडेम्प्शन’ २०१० चा, तो पीसीवाल्यांच्या हाती पडला ऑक्टोबर २०२४ मध्ये. तो पहिल्यांदा आला तेव्हा तुमचा भाचा रांगत असेल! म्हणून ‘ग्रँड थेफ्ट ऑटो’चा सहावा भाग फक्त प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीजसाठी जाहीर झाला, यातून पीसीच्या प्रकृतीबद्दल काही कळत नाही. ती त्या कंपनीची जुनी खोड आहे. तो गेम पहिल्याच दिवशी खेळला नाही तर तुम्हाला अन्न गोड लागणार नसेल, तर मात्र हा कन्सोल घेण्याचा सरळ, प्रामाणिक मुद्दा आहे. त्याला बाजाराच्या अंदाजाचा मुलामा कशाला?

आणि पीसीवर आलेला गेम धड चालेलच याची खात्री नसते हेही कबूल. २०१५ मध्ये ‘बॅटमन : अर्कम नाइट’ पीसीवर इतका वाईट चालला की विक्रीतून मागे घ्यावा लागला. २०२३ मध्ये ‘द लास्ट ऑफ अस’चा पहिला भाग पीसीवर आला तेव्हाही लोक वैतागले. त्याला कारण आहे. कन्सोलचं यंत्र एकच, म्हणून पडद्यावरचे रंग-प्रकाश रंगवणारे शेडर त्या यंत्रासाठी आधीच शिजवून पाठवता येतात. पीसीत कार्डं शंभर, ड्रायव्हर हजार. मग गेम उघडल्यावर ‘शेडर तयार होत आहेत’ अशी पट्टी सरकत बसते, नाहीतर ऐन धावपळीत चित्र अडखळतं. कन्सोलवर हे असं होतच नाही म्हणावं, तर २०२० च्या डिसेंबरात ‘सायबरपंक २०७७’ सोनीने आपल्या स्टोअरवरून काढून टाकला होता आणि तो परत यायला पुढचा जून लागला. पीसीवर तोच गेम बऱ्यापैकी चालत होता.

तुमच्या पत्रातला सगळ्यात खरा मुद्दा मला तुमच्या पाऊण तासाचा वाटतो. तुम्ही तो एका वाक्यात उरकलात. बाजार कुठे का जाईना, दिवसाचा तेवढाच वेळ तुमचा आहे आणि तो ड्रायव्हरच्या पायी वाया जातोय. इथे कन्सोल खरोखर वरचढ आहे. त्याला झोपवून ठेवायचं. तो झोपेतच अपडेट घेतो आणि उठवल्यावर काल रात्री जिथे थांबलात तिथेच उभा करतो. थकलेल्या माणसासाठी ही सोय छोटी नाही. फक्त नवं यंत्र घेण्याआधी एवढं पाहा : तुमच्या तक्रारीतली किती पीसी या जातीची आहे आणि किती तुमच्या सात वर्षं जुन्या पीसीची? गेम अजून जुन्या हार्ड डिस्कवर असतील तर ते एसएसडी या तिच्याहून वेगवान साठवणीवर हलवल्याने निम्मं वाट पाहणं संपेल. अपडेट कोणत्या वेळात व्हावेत हे स्टीमला सांगून ठेवता येतं. आणि ड्रायव्हर दर वेळी नवा आला की घालायचा, ही सवय सोडा. चालतंय ते चालू द्या. एखादा नवा गेम मागेल तेव्हा बघू. मी स्वतः ही सवय फार उशिरा सोडली, आणि त्याआधीच्या कित्येक शनिवार रात्री मी गेम खेळले नाहीत, गेमची तयारी केली.

आता ती राहिलेली गोष्ट. ताकाला जाऊन भांडं लपवू नका. तुम्हाला खेळायचंय काय?

आज रात्री पीसी लावू नका. कागद घ्या. पाऊण तास रोज म्हणजे, आजारपण, पाहुणे आणि कंटाळा वजा जाता, वर्षाचे फार तर अडीचशे तास. ‘बाल्डर्स गेट ३’सारखा एकच गेम नीट खेळायचा तर शंभर तास सहज खातो. म्हणजे लहानमोठे धरून तुमच्या वाट्याला वर्षाला फार तर चार-पाच गेम येतात, चाळीस नाही. तर पाचच नावं लिहा. सेलमध्ये स्वस्त दिसला म्हणून घ्यावासा वाटतो तो नाही. जो आठवून बसमध्ये उभ्या उभ्या हसू येतं, तो. पाच नावं जमली नाहीत, तर सध्या काहीच विकत घेऊ नका, ना पीसी ना कन्सोल. सेलमध्ये चाळीस घेऊन एकही पुरा न करणाऱ्याची भूक खेळण्याची कमी आणि खरेदीची जास्त असते. मी हे उपदेश म्हणून सांगत नाही. माझ्या स्वतःच्या यादीत न उघडलेल्या गेमची संख्या मी इथे छापणार नाही.

यादी झाली की ती कुठे कलते ते पाहा. त्यात ‘सिव्हिलायझेशन’, ‘एज ऑफ एम्पायर्स’, ‘सिटीज : स्कायलाइन्स’ असलं माउस-कीबोर्डवर बेतलेलं असेल, तर तुम्ही पीसीचे आहात आणि भांडण संपलं. यातले बरेच गेम आता कन्सोलवरही मिळतात, पण कंट्रोलरने शंभर सैनिक हाकणं म्हणजे हातमोजे घालून सुईत दोरा ओवणं. मॉड, म्हणजे खेळणाऱ्यांनीच मूळ गेममध्ये केलेले फेरफार, घालून खेळायची सवय असेल तरीही तेच. भाच्याला इथे एक गोष्ट जरूर सांगा. शेवटचा एक उरेपर्यंत लढायचे जे ‘बॅटल रॉयल’ गेम त्याच्या पिढीने डोक्यावर घेतले, त्यांची पाळंमुळं पीसीवर ‘आर्मा’ या गेमसाठी हौशी लोकांनी केलेल्या मॉडमध्ये आहेत. ब्रेंडन ग्रीनने तिथूनच सुरुवात केली आणि २०१७ मध्ये ‘पबजी’ आधी पीसीवर आला. ‘काउंटर-स्ट्राइक’ हा ‘हाफ-लाइफ’चा मॉड होता, ‘डोटा’ हा ‘वॉरक्राफ्ट ३’चा नकाशा. ‘माइनक्राफ्ट’ २००९ मध्ये एका माणसाने पीसीवर लोकांपुढे ठेवला. ज्या यंत्राचं झाकण कुणालाही उघडता येतं, तिथेच असले कारभार होतात. मालकाची परवानगी लागली असती तर यातलं किती जन्माला आलं असतं, कोण जाणे.

उलट यादीत मोठ्या कथेचे गेम, फुटबॉल, गाड्यांच्या शर्यती आणि शेजारी बसून मुलीबरोबर खेळायचं काही असेल, तर तुमच्या पत्नीचं म्हणणं बाजाराच्या कुठल्याही अहवालापेक्षा वजनदार आहे. मात्र त्यासाठीही कन्सोलच हवा असं नाही. पीसी टीव्हीला एका केबलने जोडता येतो, दोन कंट्रोलर लावता येतात, स्टीमला टीव्हीसाठी मोठ्या अक्षरांची वेगळी मांडणी आहे. तुमच्या त्या चाळीस गेममध्ये दोघांनी मिळून खेळायचे तीन-चार नक्की निघतील. एका रविवारी हे करून पाहा, फुकटात. मुलीला पंधरा मिनिटांत कंटाळा आला तर तीही माहितीच. आणि ती मारिओसाठीच हटून बसली तर मग कन्सोल म्हणजे निन्टेन्डो हे ठरलं; प्लेस्टेशन की एक्सबॉक्स हा घोळच मिटला.

पैशाचा हिशेब करताना नुसत्या यंत्राची किंमत पाहू नका. त्याच ताकदीचा कन्सोल पीसीपेक्षा बहुतेक वेळा स्वस्त पडतो, कारण कंपनी यंत्रावर कमी कमावते आणि पुढे प्रत्येक गेममागे आपला वाटा घेते. प्लेस्टेशन, एक्सबॉक्स, स्विच या तिन्हींवर विकतचे गेम ऑनलाइन खेळायला वर्गणी भरावी लागते, पीसीवर नाही. स्टीमवर गेम घेतल्यापासून १४ दिवसांत, दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत मिळतात. कन्सोलच्या बाजूने एक पक्का मुद्दा आहे : डिस्क. खेळून झाली की विकता येते, मित्राला देता येते. त्यासाठी डिस्कचा ड्राइव्ह असलेलंच मॉडेल घ्या, कारण ड्राइव्ह नसलेली मॉडेलं आता सर्रास मिळतात आणि घाईत तीच हाती पडतात. आणि तुमचा स्टीमवरचा जुना संग्रह? तो कन्सोलवर येणार नाही. नवा पीसी घेतलात तर मात्र पहिल्या दिवसापासून सगळा हजर, आणि २०२४ पासून स्टीमवर कुटुंबातल्या सहा जणांपर्यंत तो वाटून घेता येतो. मुलीला तिचं वेगळं खातं काढून देता येईल, कोणते गेम दिसावेत हेही ठरवता येईल.

तुमच्या जागी मी असते तर काय केलं असतं, तेही सांगते. यादी पीसीकडे कलली तर नवा पीसी लगेच नको. आधी जुना उघडा, सात वर्षांची धूळ काढा, पंखे फिरताहेत का बघा, एसएसडी नसेल तर लावा, रॅम ८ जीबी असेल तर भाव परवडला तर १६ करा. एवढ्यावर वर्ष निघालं तर निघालं. मग गरज पडलीच तर फक्त ग्राफिक्स कार्ड, आणि तेही मधल्या फळीतलं. स्टीम स्वतःच्या खेळाडूंच्या यंत्रांची जी पाहणी छापतं, तीत निम्म्याहून अधिक पडदे अजूनही १०८० पिक्सलचेच असतात. सर्वांत महागड्या कार्डाशिवाय खेळताच येत नाही, हा समज व्हिडिओ बनवणाऱ्यांनी पसरवलेला आहे. कार्ड आणण्याआधी दोन गोष्टी मोजा : तुमचा पॉवर सप्लाय ते पेलेल का, आणि ते कॅबिनेटमध्ये मावेल का. दुसरी गोष्ट हास्यास्पद वाटते ना? मी एकदा नवंकोरं कार्ड घेऊन ऐटीत घरी आले, आणि ते दोन बोटं लांब निघालं. महिनाभर कॅबिनेटची एक बाजू उघडी ठेवून खेळत होते.

विंडोजचंही पाहून घ्या. विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली, आणि तुमचा प्रोसेसर ज्या काळातला आहे तो विंडोज ११ च्या यादीच्या अगदी उंबऱ्यावर येतो. मायक्रोसॉफ्टचं तपासणीचं छोटं ॲप मिळतं, ते दोन मिनिटांत सांगेल. बसत असेल तर उत्तम. नसेल तर नव्या पीसीचा विचार लवकर करावा लागेल, आणि त्याला भाच्याचं मत कारण नसेल, सुरक्षा असेल.

यादी कन्सोलकडे कलली तर बेशक कन्सोल घ्या. त्यात पक्ष बदलल्याची लाज वाटून घ्यायचं काही नाही. जुना पीसी विकू मात्र नका. त्याचे आता येऊन येऊन किती येणार? गुंतागुंतीचे डावपेचाचे जुने गेम तो अजून काही वर्षं हसत हसत चालवेल, आणि पीसीवर एरवीही घरातली शंभर कामं होतात. ज्यांच्याकडे पीसीही नाही आणि कन्सोलही नाही अशा वाचकांना एवढंच सांगेन, की ज्या यंत्रावर तुमचे दोन जवळचे मित्र आहेत ते घ्या. बाकीच्या तुलना आपोआप फिक्या पडतात.

हे लिहिताना तुमच्या त्या चौघांच्या गटाकडे पुन्हा लक्ष गेलं. दोघांनी कन्सोल घेतले म्हणून गट मोडला, असं तुम्ही लिहिलंत. मला शंका आहे. ‘फोर्टनाइट’ आणि ‘रॉकेट लीग’ हे दोन्ही गेम कित्येक वर्षं पीसी आणि कन्सोलवाल्यांना एकाच मैदानात उतरवतात, फुकटात, आणि तुमच्या दमलेल्या पीसीवरही चालतात. तुम्ही त्या दोघांना विचारलंत का, हल्ली काय खेळता म्हणून? की तेही थांबलेत, आणि चौघेही एकमेकांची वाट बघत बसलाय?

आणि तिसरा, मोबाइलवाला, त्यालाही आत घ्यायचं असेल तर ‘माइनक्राफ्ट’ आहे. पीसी, कन्सोल, मोबाइल, सगळे एका जगात येतात. फक्त त्याच्या दोन आवृत्त्या आहेत. तुम्ही चौघांनी ‘बेडरॉक’च घ्यायची, कारण ‘जावा’ची कन्सोलवाल्यांशी गाठ पडत नाही. पीसीवर दोन्ही एकत्रच विकल्या जातात, उघडताना योग्य ती निवडा. मित्रांच्या कन्सोलवर ऑनलाइनची वर्गणी चालू आहे का तेही आधी विचारून घ्या, नाहीतर पहिली रात्र त्यातच जाईल. तुमची मुलगी आठ वर्षांची आहे म्हणालात, तर तिला हे कळल्याशिवाय राहणार नाही आणि तीही आत येणार. मग तुमचा पाऊण तास तिच्या झोपेच्या अलीकडे ओढावा लागेल. आणि ती झोपल्यावर तुम्ही चौघे खेळत बसलात तरी, तिने बांधलेलं काही पाडू नका.